स्वस्त भाडे म्हणजे स्वस्त घर नव्हे

नोकरीला लागलेली तरुण मंडळी घर शोधताना बहुधा दोनच आकडे पाहतात: भाडे आणि पुण्यापासूनचे किलोमीटर. ठरवायला हवा तो निवासखर्च (भाडे, रोजचे प्रवासभाडे आणि प्रवासात जाणारा वेळ यांची एकत्रित किंमत). जुनी मोटारसायकल स्वस्तात मिळते, पण ॲव्हरेज कमी असेल तर तिची खरी किंमत पेट्रोलपंपावर कळते. घराचेही तसेच आहे.

शिरूर आणि दौंड ही दोन्ही गावे पुण्यापासून साधारण सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर. तरीही ती सारखी नाहीत. शिरूरला रेल्वे नाही. सगळी भिस्त अहिल्यानगर रस्त्यावर, आणि शिक्रापूर, वाघोलीची कोंडी वेळेचे गणित बिघडवते. दौंड हे रेल्वे जंक्शन आहे. तिथली गाडी कोंडीत अडकत नाही, मात्र ती ठरल्या वेळेलाच सुटते आणि हडपसर किंवा पुणे स्थानकावर उतरल्यावर कचेरीपर्यंतचा टप्पा उरतोच. म्हणून वेळ मोजावा तो घराच्या दारापासून कचेरीच्या दारापर्यंत.

नोकरी पुणे शहरातच असते, हे गृहीतही तपासावे. रांजणगाव एमआयडीसीत काम करणाऱ्याला शिरूर जवळचे, कुरकुंभ एमआयडीसीत जाणाऱ्याला दौंड.

घर ठरवण्याआधी कामाच्या दिवशी, कामाच्याच वेळी एकदा जाऊन-येऊन पाहावे. शिफ्ट रात्री सुटत असेल, तर परतीची शेवटची गाडी किंवा एसटी कधी आहे, हे आधी विचारावे.