छापयंत्राची भाषा

रत्नागिरीत मृगाच्या सरी सुरू झाल्या की घराघरांतील ट्रंकांचे तळ ओलावतात, आणि सातबाराचे उतारे, फेरफारांच्या नकला, वाटणीपत्रे व पणजोबांच्या वेळचे मोडी कागद हळूहळू बुरशीच्या स्वाधीन होऊ लागतात. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या गावात घरी एक छापयंत्र आणि एक स्कॅनर असावा, हे मला दप्तर राखण्याच्या दृष्टीने अगत्याचे वाटते.

परंतु ज्यांचा संगणक लिनक्ससारख्या मुक्त प्रणालीवर चालतो, त्यांनी किंमत विचारण्यापूर्वी ते यंत्र कोणती भाषा जाणते याची चौकशी करावी. पूर्वी प्रत्येक कारखानदार आपल्या यंत्राबरोबर ड्रायव्हर नामक एक दुभाषा देई, त्याची मूळ संहिता गुप्त ठेवी, आणि त्याची मर्जी फिरली की धडधाकट यंत्र मुके होऊन बसे. मुक्त प्रणालीच्या चळवळीच्या मुळाशीही एक छापयंत्रच आहे: अमेरिकेतील एमआयटीच्या प्रयोगशाळेस झेरॉक्सकडून मिळालेल्या लेझर यंत्रात कागद वारंवार अडके, ती वार्ता सर्वांना आपोआप कळावी म्हणून रिचर्ड स्टॉलमन यांना त्याची आज्ञावली सुधारायची होती, आणि ती त्यांना नाकारली गेली, पुढे १९८३ साली त्यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला.

आज लिनक्सवर छपाईचा कारभार 'कप्स' ही आज्ञावली पाहते. ती यंत्रालाच विचारते, 'तुला रंग येतो काय, कागद कोणत्या मापाचा चालतो, दोन्ही बाजूंनी छापतोस काय?', आणि यंत्र त्याचे उत्तर इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉल या प्रसिद्ध संकेतानुसार देते. म्हणून खोक्यावर 'एअरप्रिंट' किंवा 'आयपीपी एव्हरीव्हेअर' हे शब्द आढळले, तर निराळ्या दुभाष्याची गरज बहुधा पडत नाही. मराठीचीही चिंता नको. जुन्या डॉट मॅट्रिक्स यंत्रांच्या पोटात रोमन अक्षरांचे संच ठेवलेले असत, तर आता जोडाक्षरांची सारी घडण संगणकातच पुरी होते आणि यंत्राकडे केवळ ठिपक्यांची आखणी जाते.

स्कॅनरच्या बाबतीत हेच काम 'सेन' ही आज्ञावली करते, आणि 'ईएससीएल' हा संकेत जाणणारे यंत्र तिला विशेष सुलभ पडते. एकाच खोक्यातील छपाई चालते म्हणून स्कॅनिंगही चालेलच, असे मात्र गृहीत धरू नये; दोहोंची खातरजमा स्वतंत्रपणे करावी. जुन्या कागदांसाठी सपाट काचेचाच स्कॅनर घ्यावा, कारण कागद ओढून घेणाऱ्या रुळांत जीर्ण दस्तऐवज फाटतो. इंचाला ३०० ठिपके या प्रमाणात ए-फोर आकाराच्या एका पानाचे सुमारे ८७ लाख बिंदू होतात. छापील मराठी मजकूर असेल तर 'टेसरॅक्ट' ही मुक्त आज्ञावली त्यातून अक्षरे उचलते, मोडी कागदास मात्र जाणकाराचेच डोळे हवेत.

शाई की लेझर, या प्रश्नावर माझा कल लेझरकडे आहे. महिना महिना छपाई न करणाऱ्या घरी शाईयंत्राची सूक्ष्म छिद्रे सुकून बुजतात. लेझरची भुकटी मुळातच कोरडी असते. पण ओल धरलेला कागद लेझरच्या उष्णतेने वळतो आणि अडकतो, म्हणून पावसाळ्यात रिमाचे उरलेले कागद घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत. आणि खरेदीस जाताना आपला लॅपटॉप बरोबर न्यावा, दुकानदारास विनंती करून एक सातबारा छापून पाहावा, आणि तोच तेथल्या तेथे स्कॅन करून पाहावा.