खाडी ते खाडी : कोकणच्या सागरी मार्गाची आखणी

रेवस ते रेडी या सागरी मार्गाने जाण्याची आखणी केवळ किलोमीटर मोजून केली, तर हिशेब पहिल्याच दिवशी चुकतो. कारण या किनाऱ्याला रस्ता फार उशिरा मिळाला आणि त्याआधी शतकानुशतके येथील दळणवळण पाण्यावरूनच चालत असे. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री या नद्या सह्याद्रीतून उतरून थोड्याच अंतरात समुद्राला मिळतात आणि मुखाजवळ त्यांच्या रुंद खाड्या होतात, म्हणजे भरतीचे खारे पाणी त्यांत दूरवर आत शिरते. बंदरे या मुखांशी वसली, माल होड्यांनी आत आणि पुढे घाटवाटांनी देशावर जाई, त्यामुळे जुन्या वाटा पूर्व-पश्चिम आहेत आणि दक्षिणेकडे निघालेल्या प्रवाशाला प्रत्येक खाडी अडवते. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड असे टप्पे वाहने वाहून नेणाऱ्या फेरीबोटीने पार करता येतात. शेवटची फेरी चुकली, तर खाडीला आतून मोठा वळसा पडतो. मुक्कामाची गावे म्हणूनच फेरीच्या वेळा पाहून ठरवावीत.

वेळापत्रकाइतकीच तिथी महत्त्वाची. पक्षातील तिथीच्या आकड्याला तीनाने गुणून चाराने भागले, की भरतीची अंदाजे वेळ निघते, हा किनाऱ्यावरील जुना आडाखा आहे : चतुर्थीला चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे तीन वाजता भरती आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीच्या वेळी चालत जाता येते, म्हणून पुष्कळ जण दुपारी बाराला ओहोटी येणारी अष्टमी निवडतात. पण अष्टमीच्या सुमारास भरती-ओहोटीतील अंतर कमी असते, ज्याला भांग म्हणतात, आणि पाणी पुरते हटत नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात ते खूप मागे सरते, मात्र ओहोटी सकाळी वा संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास येते आणि संध्याकाळी गेल्यास परतीसाठी उजेड थोडा उरतो. हा पेच प्रत्येकाने आपल्या सोबतीची वये पाहून सोडवावा.

हर्णैला तिसऱ्या प्रहरी पोहोचणे उत्तम, कारण मासळीचा लिलाव तेव्हा किनाऱ्यावरच, ओल्या वाळूत मांडलेल्या ढिगांभोवती चालतो आणि त्यामागे पाण्यात सुवर्णदुर्ग उभा दिसतो. आंग्र्यांच्या आरमाराचा हा बळकट आधार १७५५ साली इंग्रजांनी पेशव्यांच्या संगनमताने जिंकला, आणि मराठ्यांच्या हातून मराठ्यांचे आरमार दुबळे होण्याची ती सुरुवात होती, हे तेथे उभे राहून आठवावे. वेळासला मात्र वसंतातच जावे : वाळूत जपलेल्या घरट्यांवरची टोपली सकाळ-संध्याकाळ उचलली जाते, आणि ऑलिव्ह रिडले कासवाची तळहाताहून लहान पिल्ले, चिमुकल्या वल्ह्यांसारखे पुढचे पाय टाकत, पाण्याच्या रेषेकडे सरकतात. एखादे पिल्लू वाळूतल्या पावलाच्या खळग्यात अडते. म्हणून तेथे दोरीच्या अलीकडेच थांबावे.

दाभोळला फेरीची वाट पाहताना धक्क्याजवळची आदिलशाही काळातील घुमटाची मशीद पाहावी. मक्केला निघालेल्या विजापूरच्या शाहजादीचा प्रवास याच बंदरात थांबला आणि यात्रेसाठीचे धन या बांधकामावर खर्ची पडले, अशी आख्यायिका गावात सांगतात. समोरून बोट येईपर्यंत मशिदीचे आवार निवांतपणे पाहून होते.