दाखल्यांची पूर्वतयारी : आयुर्वेद प्रवेशार्थी विद्यार्थी आणि आपले कर्तव्य

बारावी विज्ञान शाखा उत्तीर्ण होऊन आयुर्वेदाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यास अभ्यासाचे कष्ट चुकत नाहीत. परंतु अभ्यास पुरेसा होऊन, 'नीट'मध्ये गुण मिळूनही केवळ एका दाखल्याअभावी जागा हातची जावी, ही गोष्ट अधिक क्लेशदायक आहे. भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर व पवनी या आपल्या सातही तालुक्यांत असे प्रसंग दर वर्षी घडतात. धानाच्या शेतीवर गुजराण करणाऱ्या ज्या घरात पूर्वी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही, तेथे या विषयाची माहिती देणारे कोणी नसते. अशा वेळी पालक गावातील वैद्याकडे अथवा औषधी दुकानदाराकडे येतात. आपल्या एका वाक्यावर त्या मुलाचे एक वर्ष अवलंबून असते. यास्तव ते वाक्य अचूक असावे, या हेतूने हा लेखनप्रपंच.

पूर्वरूपावस्थेतच उपाय

व्याधी व्यक्त होण्यापूर्वी पूर्वरूपे ओळखून उपाय योजावा, हे आपल्या शास्त्राचे तत्त्व येथेही तंतोतंत लागू पडते. कागदपत्रांची पूर्वरूपावस्था म्हणजे इयत्ता अकरावी. निकालानंतर धावपळ करणे ही उपद्रवावस्थेतील चिकित्सा होय.

सर्वप्रथम नावाची एकवाक्यता पाहावी. दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधारपत्र, जातीचा दाखला व 'नीट'चा अर्ज या पाचही ठिकाणी विद्यार्थ्याचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव व जन्मतारीख सारखी असावी. आपल्या भागात एकाच आडनावाची दोन-तीन रूपे प्रचलित असतात. वडिलांचे नाव कोठे 'राव' किंवा 'जी' लावून, तर कोठे त्याविना लिहिलेले असते. आधारपत्रातील दुरुस्ती तुलनेने सोपी, शाळेच्या नोंदवहीतील दुरुस्तीस काळ लागतो आणि नाव बदलल्यास शासन राजपत्रातील प्रसिद्धी आवश्यक ठरते. म्हणून दहावीची गुणपत्रिका प्रमाण मानून इतर कागद तिच्याशी जुळवावेत, हा सोपा नियम ध्यानी ठेवावा.

दुसरी बाब वय, अधिवास व राष्ट्रीयत्व प्रमाणपत्राची. राज्याच्या कोट्यातून प्रवेश घेण्यासाठी या प्रमाणपत्राबरोबरच दहावी व बारावी महाराष्ट्रातील शाळेतून उत्तीर्ण असणे ही सर्वसाधारण अट आहे. आपल्या जिल्ह्याची सीमा मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यास लागून आहे, आणि तिकडे सोयरसंबंध असलेली घरे पुष्कळ आहेत. मुलास मामाच्या गावी राहून दहावी करू देणाऱ्या पालकांना या अटीची कल्पना त्या वेळीच द्यावी. नंतर देऊन उपयोग नाही.

जात वैधता : कळीचा दाखला

अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त जाती, भटक्या जमाती, इतर मागासवर्ग आदी प्रवर्गांतील राखीव जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश घेताना केवळ जातीचा दाखला पुरत नाही. पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र लागते. यासंबंधीचा महाराष्ट्राचा कायदा २००१ पासून अमलात आहे व त्याखालील नियम अनुसूचित जमाती वगळता इतर प्रवर्गांसाठी २०१२ चे आहेत. अकरावी-बारावी विज्ञान शाखेत शिकणाऱ्या विद्यार्थ्यास महाविद्यालयाच्या प्राचार्यांच्या पत्रासह हा अर्ज करता येतो. अनुसूचित जमाती वगळून इतर प्रवर्गांचे अर्ज जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे जातात. जमातीच्या दाव्यांची तपासणी आदिवासी विकास विभागाची स्वतंत्र समिती करते. आपल्या जिल्ह्यासाठी ती नागपूर येथे आहे.

समिती काय पाहते? विद्यार्थ्याच्या पितृकुळातील व्यक्तींच्या जुन्या नोंदी. त्यासाठी मानीव दिनांक ठरलेले आहेत : अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्ग व विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. या दिनांकापूर्वीची, आजोबा-पणजोबांची जातीचा उल्लेख असलेली नोंद जितकी जुनी तितकी तिची किंमत अधिक. वडील, काका, आत्या अथवा सख्खे-चुलत भावंड यांपैकी कोणास वैधता प्रमाणपत्र मिळालेले असेल, तर त्याची प्रत व वंशावळ अवश्य जोडावी. आईकडील कागद सामान्यतः येथे कामी येत नाहीत, ही गोष्ट पालकांना आधीच सांगावी.

जुनी नोंद शोधावी कोठे?

भंडारा जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रांत व नंतरच्या मध्य प्रदेशात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. त्यामुळे आपल्याकडील जुन्या कागदांची नावे पश्चिम महाराष्ट्रातील कागदांपेक्षा निराळी आहेत आणि काही नोंदी हिंदीतही आढळतात. सर्वांत उपयोगी म्हणजे कोतवाल पंजी, अर्थात गावच्या जन्ममृत्यूची नोंदवही. तीत नावाबरोबर जातीचा रकाना असतो. तिच्या नकलेसाठी तहसील कार्यालयाच्या अभिलेखागारात अर्ज करावा. दुसरे साधन जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर. आजोबा पहिलीपर्यंतच शिकले असले, तरी तेथे त्यांचे नाव सापडू शकते. तिसरे साधन महसुली अभिलेख.

येथे एक व्यावहारिक अडचण संभवते. पूर्वी या जिल्ह्यात भंडारा, गोंदिया व साकोली या तीनच तहसिली होत्या. लाखांदूर किंवा लाखनी तालुक्यातील गावाची जुनी नोंद आजच्या तालुक्यात न मिळाल्यास साकोलीस आणि तुमसर, मोहाडी वा पवनीकडील गावाची नोंद भंडाऱ्यास विचारणा करावी. तसेच १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला. मानीव दिनांकास ज्यांच्या आजोबांचे वास्तव्य आज गोंदिया जिल्ह्यात मोडणाऱ्या गावी होते, त्यांनी जातीचा दाखला तेथील उपविभागीय अधिकाऱ्यांकडून घ्यावयाचा असतो. सध्याचे घर भंडाऱ्यात आहे एवढ्यावरून चालत नाही. चुकीच्या ठिकाणी अर्ज करून दोन-तीन महिने गमावलेले पालक माझ्याकडे येत असतात. लाखांदूर तालुक्यातील एका विद्यार्थिनीच्या बाबतीत तर पणजोबांची नोंद एका शब्दाने सर्व गुंता सोडवणारी होती. परंतु ती मिळेपर्यंत प्रवेशाच्या फेऱ्या संपल्या. पुढील वर्षी तिला पुन्हा 'नीट' द्यावी लागली.

न्यायनिर्णयांचा धडा

वैधतेचा आग्रह ही केवळ कार्यालयीन कटकट आहे, असा ग्रह होण्याचा संभव आहे. त्यामागील इतिहास जाणून घ्यावा. आजची समितीपद्धती मुळात वैद्यकीय प्रवेशाच्याच वादातून आली. माधुरी पाटील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये पडताळणीची कार्यपद्धती घालून दिली. पुढे महाराष्ट्र शासन विरुद्ध मिलिंद या विदर्भातील खटल्यात २८ नोव्हेंबर २००० रोजी घटनापीठाने निर्णय दिला, की राष्ट्रपतींच्या आदेशातील जमातींची यादी आहे तशीच वाचावी; 'हलबा' या नोंदीत 'हलबा कोष्टी' समाविष्ट आहे काय, याची चौकशी न्यायालयास करता येणार नाही. संबंधित विद्यार्थ्याने १९८५-८६ मध्ये वैद्यकीय प्रवेश घेतला होता. लोटलेला काळ पाहून त्याची पदवी न्यायालयाने अबाधित ठेवली. मात्र यापुढे जमातीचा लाभ घेता येणार नाही, असे स्पष्ट केले. ६ जुलै २०१७ च्या निर्णयात तर न्यायालयाने अधिक कठोर भूमिका घेऊन, दावा अवैध ठरल्यास त्या आधारे मिळालेला लाभ काढून घेतला जाईल असे म्हटले. तात्पर्य, संशयित दाखल्यावर प्रवेश घेऊन 'पुढचे पुढे पाहू' म्हणणे म्हणजे साडेपाच वर्षांचे शिक्षण पणास लावणे होय. असा सल्ला आपण कोणासही देऊ नये.

प्रवेशफेरीच्या वेळी

'नीट'चा निकाल म्हणजे प्रवेश नव्हे. राज्यातील जागांसाठी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाकडे आणि अखिल भारतीय कोट्यासाठी आयुष मंत्रालयाच्या केंद्रीय समुपदेशन समितीकडे स्वतंत्र नोंदणी करावी लागते. पैकी केंद्रीय कोट्यासाठी इतर मागासवर्गाचा दाखला केंद्र शासनाच्या नमुन्यात लागतो. राज्याचा नमुना तेथे चालत नाही. उन्नत व प्रगत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र पुढील वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध आहे काय, हे तारीख वाचून पाहावे. उत्पन्नाची मर्यादा २०१७ पासून आठ लाख रुपये आहे. वैधता प्रमाणपत्र सादर करण्यास शासनाने काही वर्षी मुदतवाढ दिली. परंतु ती मिळेलच असे गृहीत धरू नये.

शुल्काविषयी एक महत्त्वाची बाब. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागासवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत आहे. मात्र प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा. संस्थास्तरावरील जागेवर प्रवेश घेणाऱ्या मुलीस ही सवलत मिळत नाही. 'जागा आजच पक्की करून देतो' असे सांगणाऱ्या मध्यस्थाच्या नादी लागून पालक या सवलतीस मुकतात. प्रवेशाकरिता देणगी घेण्यास राज्यात १९८७ च्या कायद्याने बंदी आहे आणि विनाअनुदानित महाविद्यालयांचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरविते. ठरलेल्या शुल्काची पावती घेतल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये.

प्रवेशानंतर

१९९८ मध्ये नाशिक येथे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले. त्यापूर्वी आपल्याकडील आयुर्वेद महाविद्यालये नागपूर विद्यापीठाशी संलग्न होती. आज नागपूरच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयात शिकणाऱ्या विद्यार्थ्याचेही प्रशासकीय सूत्र नाशिकशी जोडलेले असते. प्रवेश झाल्यावर महाविद्यालयामार्फत विद्यापीठाकडे पात्रतेचा प्रस्ताव जातो. पात्रता निश्चित झाली काय, हे विद्यार्थ्याने स्वतः विचारावे. केंद्रीय मंडळातून बारावी झालेल्यास स्थलांतर प्रमाणपत्र, तर मध्ये वर्ष गेलेल्यास खंडाबाबतचे प्रतिज्ञापत्र लागते.

२०२२ च्या नियमांनुसार अभ्यासक्रम प्रत्येकी अठरा महिन्यांच्या तीन व्यावसायिक वर्षांचा व त्यानंतर बारा महिन्यांच्या आंतरवासितेचा आहे. परीक्षेस बसण्यासाठी सैद्धान्तिक व प्रात्यक्षिक अशा दोहोंत स्वतंत्रपणे ७५ टक्के उपस्थिती हवी. आजारपणामुळे गैरहजर राहिल्यास त्याच आठवड्यात लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. महाडीबीटीवरील शिष्यवृत्तीचा अर्ज दर वर्षी नूतनीकृत करावा लागतो आणि बँक खाते आधारशी संलग्न नसल्यास मंजूर रक्कमही जमा होत नाही. मूळ कागदपत्रे महाविद्यालयात देताना यादी करून पोच घ्यावी व प्रत्येकाच्या चार साक्षांकित प्रती घरी ठेवाव्यात.

आंतरवासितेपूर्वी राज्य परिषदेची तात्पुरती नोंदणी आणि ती पूर्ण झाल्यावर महाराष्ट्र भारतीय वैद्यक परिषदेची कायम नोंदणी घ्यावयाची असते. नोंदणीविना व्यवसाय करणे हा अपराध आहे. २०२० च्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्यात निर्गमन परीक्षेचीही तरतूद आहे. तिच्या सूचनांकडे अंतिम वर्षातील विद्यार्थ्यांनी लक्ष ठेवावे.

औषधी व्यावसायिकांच्या मुलांपैकी बरेच जण औषधनिर्माणशास्त्राकडे जातात. तेथे पदविकेसाठी बारावीचे गुण व तंत्रशिक्षण मंडळाची परीक्षा, तर पदवीसाठी सामाईक प्रवेश परीक्षा असा भेद आहे. परंतु राखीव जागेवरील प्रवेशास वैधतेचा नियम तेथेही तोच.

आपण काय करावे?

संघटनेच्या प्रत्येक तालुका शाखेने जुलै महिन्यात अकरावी विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी एक दिवसाचे मार्गदर्शन शिबिर घ्यावे, अशी सूचना करावीशी वाटते. त्यासाठी खर्च नाही. उपरोक्त कागदांची एक पानी यादी, तहसील कार्यालयातील एक जाणकार कर्मचारी आणि नुकतीच ही वाट तुडविलेला एखादा विद्यार्थी एवढे पुरेसे आहे. अशी यादी आपापल्या चिकित्सालयात व दुकानात दर्शनी भागी लावावी. तीवर शेवटी एवढेच लिहावे, की नियम दर वर्षी बदलतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी. ग्रामीण भागातील गुणी मुले आयुर्वेदात आली, तरच पुढील पिढीत लाखांदूर-पवनीच्या गावांना त्यांचा वैद्य मिळेल. ती मुले एका नकलेसाठी मागे राहू नयेत, इतके तरी आपल्या हाती निश्चित आहे.