बँकॉक : नदीवरून व पायीं

एखाद्या शहरांत कोणत्या दारानें शिरावें, हा प्रश्न प्रवाशास नेहमींच पडतो. पूर्वींच्या सियामची, म्हणजे आजच्या थायलंडची, राजधानी बँकॉक हिच्यापुरतें आमचें उत्तर असें कीं, तिची ओळख प्रथम नदीवरून करून घ्यावी व मग पायीं हिंडावें. विमानतळावरून रुंद रस्त्यांनीं येणाऱ्यास उंच इमारती व वाहनांची दाटी एवढेंच दिसतें. परंतु चाओ फ्राया नदींतून बोट जाऊं लागली, म्हणजे देवळें, वाडे व जुन्या वखारी यांचीं तोंडें आपल्याकडे वळलेलीं दिसतात. तीं बांधलीं गेलीं तेव्हां नदी हाच राजमार्ग होता.

थाई लोक आपल्या राजधानीस बँकॉक म्हणत नाहींत, 'क्रुंगथेप' म्हणतात. क्रुंगथेप म्हणजे देवांची नगरी. तिचें संपूर्ण नांव फारच लांब आहे. उच्चार थाई असला तरी महानगर, अमर, रत्न, महेंद्र, अयोध्या, महास्थान, विश्वकर्मा हे त्यांतील शब्द आपल्या मुलांस सहज ओळखतां येतील. अयोध्येवरूनच नांव घेतलेली अयुथ्या ही सियामची जुनी राजधानी ब्रह्मी सैन्यानें १७६७ सालीं उद्ध्वस्त केली. मग टाकसिन राजानें नदीच्या पश्चिम तीरावर थोनबुरी येथें गादी स्थापिली. १७८२ सालीं पहिल्या राम राजानें ती पूर्व तीरावर आणिली. पश्चिमेस नदीचा बांक आणि पूर्वेस खणलेले कालवे अशी तटबंदी पाण्यानेंच सिद्ध झाली.

आतां बोटींत बसूं. राजवाड्यासमोर नदीचें जें विस्तीर्ण पात्र दिसतें, तें मूळचें पात्र नव्हे, हें ऐकून वाचकांस नवल वाटेल. नदी पूर्वीं येथें मोठा वळसा घेई. सोळाव्या शतकांत गलबतांची वाट कमी व्हावी म्हणून राजाज्ञेनें एक आडवा कालवा खणण्यांत आला. प्रवाहानें हा जवळचा मार्ग पत्करला, आणि कालव्याची नदी झाली. जुनें पात्र अरुंद होऊन बँकॉक नोई व बँकॉक याई या दोन कालव्यांच्या रूपानें थोनबुरीच्या बाजूस अद्याप आहे.

पश्चिम तीरावर 'वाट अरुण' हें देऊळ उभें आहे. 'वाट' म्हणजे बौद्ध मंदिर, आणि 'अरुण' तर आपलाच शब्द. दुरून हें शिखर कोरीव दगडाचें वाटतें; जवळ जावें तों कळतें कीं, त्यावर चिनी मातीच्या बशांचे तुकडे व शिंपले बसवून फुलें घडविलीं आहेत.

होडीनें पलीकडच्या धक्क्यावर उतरलों, कीं कांहीं पावलांवर 'वाट फो' लागतें. तेथील निद्रिस्त बुद्धमूर्ति ४६ मीटर लांब व १५ मीटर उंच आहे. तिच्या तळव्यांवर १०८ शुभचिन्हें शिंपल्यांच्या जडावांत कोरलेलीं आहेत. तेथून राजवाड्याच्या भिंतीच्या कडेनें चालत गेलें, म्हणजे पाचूच्या बुद्धाच्या मंदिरांत जातां येतें. ही प्रख्यात मूर्ति अवघी ६६ सेंटिमीटर उंच असून ती वस्तुतः पाचूची नव्हे, हिरव्या दगडाची आहे. ऋतूप्रमाणें वर्षांतून तीन वेळां तिचीं वस्त्रें बदलतात.

याच आवारांत भिंतीवर रामकथेचीं १७८ चित्रें आहेत. तेथील रामायणास 'रामकियेन' म्हणतात. त्यांत सीता ही जन्मानें रावणाचीच कन्या, आणि हनुमंत ब्रह्मचारी नसून विवाहित आहे! एकच कथा समुद्रापार गेली, म्हणजे त्या भूमीचा वेष कसा धारण करिते, हें मुलांनीं येथें पाहण्यासारखें आहे.

याच नदीनें परदेशीय लोकही आणिले. टाकसिन राजानें दिलेल्या जमिनीवर पोर्तुगीज वंशाच्या ख्रिस्ती लोकांनीं सांता क्रूझची वस्ती केली. हल्लींचें चर्च १९१६ चें आहे. १८३५ सालीं आलेले अमेरिकन मिशनरी डॉक्टर डॅन बीच ब्रॅडली यांनीं देवीची लस टोचण्याचा प्रघात पाडला, आणि १८४४ सालीं त्या देशांतील पहिलें वृत्तपत्र काढिलें. १८३९ सालीं राजानें अफूबंदीचा हुकूम काढिला, तेव्हां त्याच्या नऊ हजार प्रती मिशनच्याच छापखान्यांत छापल्या गेल्या.

येथवर सर्व व्यवहार पाण्यावरून चाले. गाडीघोड्यांस वाट नाहीं, अशी परदेशीय वकिलातींची तक्रार आल्यावर चौथ्या राम राजानें १८६२ ते १८६४ या काळांत 'चारोन क्रुंग' हा पहिला आधुनिक पद्धतीचा रस्ता बांधविला. पुढील शतकांत एकामागून एक कालवे बुजवून रस्ते करण्यांत आले. व्यापार वाढला, सोयही झाली. परंतु कालवा ही जशी वाट, तशीच पावसाच्या पाण्याची मोरीही होती. शहर मऊ चिकणमातीवर वसलेलें व समुद्रसपाटीहून जेमतेम दीड मीटर उंच; त्यांत विहिरींतून अतोनात पाणी उपसल्यामुळें जमीन खचत गेली. २०११ सालच्या महापुरांत देशभर आठशेंहून अधिक माणसें दगावलीं, व राजधानीच्या उत्तरेकडील वस्त्या कित्येक आठवडे जलमय राहिल्या. त्या पुरास अतिवृष्टि हें मुख्य कारण होतें खरें. पण आलेलें पाणी समुद्राकडे काढून देतांना कालव्यांची खरी किंमत सर्वांस कळून आली.

तरीही सर्व कांहीं गेलें असें नाहीं. १८३७ सालीं युद्धाच्या सामानाची ने-आण करण्यासाठीं खणावयास घेतलेल्या 'सेन सेप' कालव्यांतून कामावर जाणारे लोक आजही बोटींनीं जातात, आणि रस्त्यावर मोटारी अडून पडल्या असतां वेळेवर पोंचतात. देवळें व राजवाडे पाहणाऱ्यानें हाही कालवा अवश्य पाहावा. पाण्याची वाट मोकळी ठेविली, तर तें माणसास वाहून नेतें. ती अडविली, तर तें त्याच्या घरांत शिरतें. हा धडा बँकॉकच्या धक्क्यावर उभें राहून जितका स्पष्ट कळतो, तितका पुस्तकांतून क्वचितच कळेल.