आठ मिलिमीटरमधली माणसं

तांदळाच्या दाण्याएवढी चौकट. रुंदी ४.५ मिलिमीटर, उंची ३.३. अशा चार हजार चौकटी पन्नास फुटांच्या एका रिळात बसतात. सेकंदाला सोळा या गतीने त्या पडद्यावर सोडल्या की चार मिनिटं दहा सेकंद चालतात. तेवढ्यात कुणाचं बारसं उरकतं, कुणी बैलजोडी दाखवतं, कुणी आजी कॅमेऱ्याकडे पाहून पदर सावरते आणि रीळ संपतं. एट एमएम नावाने घरोघरी पोचलेल्या फिल्मचं सगळं सामर्थ्य आणि सगळी मर्यादा या हिशेबात आहे.

सिनेमाची फीत ३५ मिलिमीटरची. ती महाग होती आणि नायट्रेटची असल्याने भडकन पेट घेणारीही. घरात चालवायची तर ती सुरक्षित हवी आणि खिशाला परवडायला हवी. १९२२ मध्ये फ्रान्सच्या पाथे कंपनीने साडेनऊ मिलिमीटरची फीत आणली. तिची छिद्रं कडेला नसून दोन चौकटींच्या मधोमध असत. पुढच्याच वर्षी कोडॅकने १६ मिलिमीटर आणली. ३५ ची नायट्रेट फीत मधून चिरली तर साडेसतराची होते. ती कुणी चुकून घरच्या यंत्रात घालू नये, हा सोळा या आकड्यामागचा एक विचार होता. नवी फीत अॅसिटेटची होती, पेट न घेणारी.

१९३२ मध्ये मंदीने गिऱ्हाईक हात आखडून बसलं होतं. तेव्हा कोडॅकने आठ मिलिमीटरची युक्ती काढली. सोळाच्याच रुंदीची पंचवीस फूट फीत कॅमेऱ्यात घालायची, आधी तिची एक बाजू चित्रित करायची, मग रीळ काढून उलटं लावायचं आणि दुसरी बाजू भरायची. प्रयोगशाळेत ती मधून चिरून जोडली की पन्नास फूट तयार. रीळ बदलताना थोडा उजेड आत शिरे, म्हणून अशा फिल्मच्या ऐन मध्यावर नारिंगी-पांढरा भडका दिसतो. दोन्ही बाजू भरल्याचं विसरून तेच रीळ पुन्हा लावलं तर आधीच्या चित्रणावर नवं चढे, आणि देवळाच्या पायऱ्यांवरून आगगाडी जाताना दिसे.

१९६५ मध्ये सुपर एट आलं आणि ही कटकट संपली. प्लास्टिकची डबी कॅमेऱ्यात सरकवायची आणि बटण दाबायचं. छिद्रं लहान केल्यामुळे चित्राला जवळजवळ दीडपट जागा मिळाली. पन्नास फुटांत ३,६०० चौकटी, सेकंदाला अठराच्या गतीने तीन मिनिटं वीस सेकंद. १९७३ मध्ये त्यावर आवाजही नोंदता येऊ लागला. त्यानंतर व्हिडिओ आला आणि प्रोजेक्टर माळ्यावर गेला.

आपल्याकडे हौशी चित्रणाची परंपरा या छोट्या फितींहून जुनी आहे. मुंबईत छायाचित्रांचा व्यवसाय करणारे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावे दादा, यांनी इंग्लंडहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती चित्रित केली. १९०१ मध्ये रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले, तेव्हाचं त्यांचं स्वागतही त्यांनी टिपलं. दादासाहेब फाळक्यांनी पहिला चित्रपट करण्याआधी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ रोज थोडी थोडी चित्रित केली आणि कोंबाचं रोप पडद्यावर उगवताना दाखवलं. कंपनी, पगार यांतलं काही नसताना केलेली ही कामं. घरच्या कॅमेऱ्याची वृत्ती हीच असते.

पुढे मुंबईतल्या चित्रकारांनी छोट्या फितीचा वेगळा उपयोग केला. १९६९ मध्ये अकबर पदमसी यांनी आपल्याला मिळालेल्या नेहरू फेलोशिपच्या पैशातून व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप उभं केलं. तिथे चित्रकार, छायाचित्रकार, सिनेमावाले एकत्र येऊन प्रयोग करत. नलिनी मलानी यांनी तिथे आठ मिलिमीटरवर एकेक चौकट घेत रंगीत अॅनिमेशन केलं. पदमसींनी स्वतः सोळा मिलिमीटरवर दोन फिल्म केल्या. त्यांपैकी ‘सिझिजी’ उरली. ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’ची एकच प्रत होती, ती हरवली आणि परत मिळाली नाही. २०१६ मध्ये दिग्दर्शक आशिम अहलुवालिया यांनी वृद्ध पदमसींना सोबत घेऊन त्या हरवलेल्या फिल्मवरच नवी फिल्म केली. नामवंत चित्रकाराच्या एकुलत्या प्रतीची ही गत, तर माळ्यावरच्या रिळाला कोण विचारतो? रंगीत छोटी फिल्म बहुतेक वेळा रिव्हर्सल असते, म्हणजे कॅमेऱ्यातून गेलेली फीतच धुऊन पडद्यावर दाखवली जाते. वेगळी निगेटिव्ह नसते. हातातलं रीळ हीच मूळ प्रत आणि हीच शेवटची.

आता शोधाकडे. भंडारा जिल्ह्यातल्या वरठीच्या माणसाला आपल्या मुलखाची जुनी हलती चित्रं इंटरनेटवर पाहायची असतील तर ‘वरठी’ शोधून फारसं हाती लागणार नाही, कारण इथल्या रेल्वे स्टेशनचं नाव भंडारा रोड. गाडीच्या खिडकीतून कॅमेरा धरणाऱ्या प्रवाशाने पाटीवरचं तेच नाव टिपलं असणार. जिल्ह्याचा पत्ताही बदलत गेला. १९५० पर्यंत तो मध्य प्रांत व वऱ्हाडात, मग मध्य प्रदेशात, १९५६ पासून मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात. १९९९ मध्ये गोंदिया वेगळा झाला, त्यामुळे आज गोंदियात मोडणारं गाव जुन्या नोंदीत भंडाऱ्याखाली सापडतं. रेल्वे आधी बंगाल-नागपूर, १९४४ नंतर सरकारी, १९५५ पासून दक्षिण-पूर्व, आणि या शतकात दक्षिण-पूर्व-मध्य. साल बदललं की शोधायचा शब्दही बदलावा लागतो. १९३५ च्या रिळासाठी ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस’ आणि ‘बंगाल नागपूर रेल्वे’, १९७५ च्या रिळासाठी महाराष्ट्र आणि ‘साउथ ईस्टर्न’. स्पेलिंगही इंग्रजांच्या कानाला जसं आलं तसं, म्हणून दोन-तीन तऱ्हांनी टाकून पाहावं. वाफेच्या इंजिनांचे परदेशी शौकीन सत्तर-ऐंशीच्या दशकांत कॅमेरे घेऊन भारतभर फिरले, आणि गोंदिया-नागपूर भागातल्या नॅरोगेज गाड्यांचं त्यांना मोठं आकर्षण होतं. त्यांच्या फिल्ममध्ये इंजिन मध्यभागी असलं तरी फलाटावरची माणसं, टोपल्या, फेटे कडेला आलेलेच असतात.

एक गोष्ट मात्र बोचते. हिंदुस्थानातलं १९२० ते १९५० मधलं हौशी चित्रण एका जागी पाहायचं तर जावं लागतं केंब्रिज विद्यापीठाच्या दक्षिण आशिया अभ्यास केंद्राच्या संग्रहात. इथे नोकरीला आलेल्या इंग्रज कुटुंबांनी आपली घरची रिळं तिथे दिली. ती जपली गेली आणि ऑनलाइन पाहायला ठेवली गेली. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटनेही २०१७ मध्ये भारतावरच्या जुन्या फिल्म मोठ्या प्रमाणावर खुल्या केल्या. त्या पाहाव्यातच. पण त्यांत कॅमेरा बंगल्याच्या व्हरांड्यात उभा असतो. साहेबाच्या मुलाचं नाव नोंदीत असतं. त्याला कडेवर घेतलेल्या बाईची नोंद ‘आया’ एवढीच. शिकारीचं साल असतं, हाकाऱ्यांचं गाव नसतं. आपला मुलूख जगाला या नजरेतून दिसतो, कारण त्यांनी रिळं दिली आणि आपली ट्रंकेत राहिली.

आपल्याकडे कॅमेरा मोजक्या घरांत होता. संस्थानिक, डॉक्टर, वकील, गिरणीमालक, परदेशी जाऊन आलेला मुलगा. त्यातही हौस असेल तरच. पण एका गावातल्या एका कॅमेऱ्यासमोरून सगळं गाव जातं. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरते, रात्रभर दंडारीचं लोकनाट्य चालतं, शंकरपटात बैलजोड्या धावतात. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली, महाराष्ट्रात त्या पुन्हा सुरू झाल्या २०२१ च्या अखेरीला. मधल्या वर्षांत लहान असलेल्या मुलांनी पट पाहिलाच नाही. सत्तरच्या दशकातल्या पटाचं तीन मिनिटांचं सुपर एट कुणाच्या घरी निघालं, तर धुऱ्यावर उभी राहिलेली गर्दी, छकड्यांची बांधणी, बैलांची सजावट हे सगळं अभ्यासकाला एका जागी मिळेल. अशा गोष्टी लग्नाच्या रिळाच्या शेपटाला असतात. फिल्म थोडी उरली होती, वाया का घालवा, म्हणून घेतलेल्या.

ट्रंक उघडली की आधी नाकाचं ऐकावं. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर अॅसिटेट विघटित होऊ लागलं आहे. त्यातून सुटणारं आम्ल पुढचं विघटन आणखी वेगाने करतं आणि शेजारच्या रिळांनाही लागतं. विदर्भाचा उन्हाळा आणि त्यामागून येणारी पावसाळी दमट हवा, दोन्ही त्याला पोषक. पत्र्याखालचा माळा ही सर्वांत वाईट जागा. आंबट वासाचं रीळ वेगळं काढावं, बाकीची घरातल्या सर्वांत थंड, कोरड्या खोलीत ठेवावीत. जुना प्रोजेक्टर सापडला म्हणून लगेच लावू नये. आकसलेल्या फितीची छिद्रं यंत्राच्या दातांशी जुळत नाहीत, आणि चाळीस वर्षं टिकलेली चौकट एका झटक्यात फाटते.

मग फीत उजेडात धरावी. छिद्रं मोठी, दोन चौकटींच्या सीमेवर, तर साधी एट. छिद्रं बारीक, चौकटीच्या मध्यावर, तर सुपर एट. कोडॅकच्या फितीच्या कडेला चौकोन, गोल, त्रिकोण अशा खुणा छापलेल्या असतात, त्यांवरून फीत कोणत्या साली बनली ते कळतं. पण त्या खुणा वीस वर्षांनी फिरून येतात, म्हणून चित्रातला पुरावाही लागतो. वरठीच्या रिळात सनफ्लॅगच्या पोलाद कारखान्याची धुरांडी दिसत असतील तर ते ऐंशीच्या दशकाआधीचं असू शकत नाही. रंगही सांगतात. कोडाक्रोम अंधारात ठेवलं तर रंग विलक्षण टिकवतं. इतर अनेक रंगीत फिती गुलाबी पडतात. कोडाक्रोम मात्र आता कुठेही धुऊन मिळत नाही. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या शेवटच्या प्रयोगशाळेने २०१० च्या अखेरीस ते काम थांबवलं. न धुतलेलं कोडाक्रोम सापडलं तर त्याचे रंग गेले असं समजावं.

भिंतीवर फिल्म लावून मोबाइलने चित्रण करणं सोपं, पण प्रोजेक्टरची झडप आणि मोबाइलची गती जुळत नाही, चित्र लुकलुकतं. नीट करायचं तर प्रत्येक चौकटीचा स्वतंत्र फोटो घेणारा स्कॅनर हवा. आकसलेल्या फितीसाठी दातांऐवजी रुळांवर चालणारा. करून देणाऱ्याला दोन गोष्टी बजावाव्यात. मूळ गती सोळा किंवा अठराची ठेवा, नाहीतर पंचविसाच्या गतीने आजोबा मूकपटातल्या विनोदवीरासारखे तुरुतुरु चालतात. आणि मूळ रीळ परत द्या. संगणकावरची फाइल मेली तर पुन्हा रिळाकडेच यावं लागतं.

पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून आहे. मुंबईत २०१४ पासून फिल्म हेरिटेज फाउंडेशन आहे आणि त्यांच्या संग्रहात एट, सुपर एट, सोळा अशाही फिती आहेत. ज्याला घरी सांभाळणं जमणार नाही त्याने या दारांशी विचारावं. जगाला दाखवायचं तर इंटरनेट आर्काइव्हवर विनामूल्य ठेवता येतं, पूर्ण प्रतीची फाइल कुणालाही उतरवून घेता येते. अमेरिकेतले संग्राहक रिक प्रेलिंगर यांनी हजारो जुन्या, दुर्लक्षित फिल्म तिथे अशाच मोकळ्या केल्या, त्यांत घरगुती रिळंही पुष्कळ. पण जुन्या बाजारात विकत घेतलेलं रीळ तुमचं असलं, तरी त्यावरचा कॉपीराइट तुमचा होत नाही. शिवाय तिथे मिळणारी बरीच आठ मिलिमीटरची रिळं घरगुती नसून घरी दाखवण्यासाठी विकलेली कार्टून आणि सिनेमाचे तुकडे असतात. घरच्या फिल्मबाबत चित्रातल्या हयात माणसांना विचारावं. न्हाणीघरातलं बाळ आज साठीचं असतं आणि त्याला आपलं मत असतं.

सर्वांत महत्त्वाचं काम मात्र यंत्राबाहेरचं आहे: चित्रात कोण, कुठे, केव्हा हे नोंदवणं. अमेरिकेने दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत डांबलं. त्यातल्या टोपाझ छावणीत डेव्ह तात्सुनो या माणसाने चोरून आणलेल्या आठ मिलिमीटरच्या कॅमेऱ्याने रोजचं जगणं टिपलं. १९९६ मध्ये ती फिल्म अमेरिकेच्या जतन करायच्या चित्रपटांच्या राष्ट्रीय यादीत गेली. कुठे, केव्हा, कोण हे सांगणारा माणूस सोबत होता, म्हणून तो बर्फातल्या अनोळखी माणसांचा तुकडा न राहता साक्ष झाला. आपल्याकडेही स्वतःहून साक्ष टिपल्याचा दाखला आहे. डिसेंबर १९५६ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांची अंत्ययात्रा नामदेव व्हटकर यांनी स्वतः पैसा उभा करून चित्रित केली. व्हटकर सिनेमाच्या जगातले होते, पण हे काम त्यांना कुणी दिलेलं नव्हतं. त्याआधी दोनच वर्षं, १९५४ मध्ये, बाबासाहेब भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले होते. त्या प्रचारसभांना गेलेली, तेव्हा विशीत असलेली माणसं आज नव्वदीत आहेत. अशा सभेची फिल्म कुठे निघाली, तर तिच्यातला चेहरा ओळखू शकणारे तेवढेच उरले.

म्हणून रीळ स्कॅन झालं की आधी ते घरातल्या म्हाताऱ्यांना दाखवावं आणि ते काय बोलतात ते नोंदवून घ्यावं. ही तुमची मामेआजी, हा पाटलांचा वाडा, ही गाडी तुमसरच्या शेठची, इथे तेव्हा बोडी होती. जगात २००३ पासून दरवर्षी घरगुती फिल्मचा दिवस पाळतात. लोक आपापली रिळं आणतात, जाणकार ती तपासून लावून देतात आणि पाहणारे पडद्यासमोर मोठ्याने नावं सांगतात. मंडईला पाहुणे आलेलेच असतात. त्याच दिवसांत शाळेच्या खोलीत पडदा लावला तर वरठीतही हे जमेल. मग ती नावं, गाव, तालुका, साल, स्टेशनचं नाव, जुना प्रांत हे सारं मराठीत आणि इंग्रजीत फिल्मखाली लिहावं. शोधयंत्र चेहरा पाहत नाही, खाली लिहिलेलं वाचतं. पुण्यातली नात ‘वरठी’ टाकेल, लंडनचा रेल्वेवेडा ‘भंडारा रोड’ टाकेल, आणि दोघांना एकच चार मिनिटं सापडतील.