गढीच्या सावलीतली घरे

आयर्लंडच्या पश्चिमेला क्लेअर परगण्यात शॅनन विमानतळ आहे. त्याची धावपट्टी वाढवायची ठरली, तेव्हा शेतकऱ्याचे एक साधे घर तिच्या वाटेत येत होते. त्या भागात कुठेही दिसावे असे घर. पाडले असते तरी कोणी हळहळले नसते. पण ते वाचवले गेले आणि काही मैलांवर, बनरॅटीच्या मध्ययुगीन गढीच्या आवारात पुन्हा उभे राहिले. 1964 मध्ये तिथे लोकजीवनाचे खुले संग्रहालय सुरू झाले, त्याची सुरुवात या घरापासून झाली. आज सुमारे 26 एकरांवर तीसहून अधिक वास्तू आहेत: कोळ्याचे घर, भूमिहीन मजुराची झोपडी, लोहारशाळा, पाणचक्क्या, शाळा, डॉक्टरचे घर, गहाणवट घेणाऱ्याचे दुकान. या साऱ्यांच्या डोक्यावरून गढीचे चार बुरूज दिसत राहतात.

सरदाराचा वाडा आणि मजुराची झोपडी एकाच तिकिटावर, एकाच पायवाटेवर पाहायला मिळावी, हे फार थोड्या ठिकाणी घडते. बनरॅटीचे महत्त्व मला त्यातच वाटते.

चार वेळा उभी राहिलेली गढी

शॅनन नदीच्या खाडीला एक लहान नदी मिळते, तिथे ही गढी आहे. जलमार्गावर नजर ठेवायला आणि लिमरिककडे जाणारी वाट अडवायला जागा इतकी सोयीची, की शतकानुशतके तिच्यासाठी रक्त सांडले. 1250 च्या सुमारास रॉबर्ट द मुस्कग्रो या नॉर्मन सरदाराने येथे मातीचा उंचवटा करून लाकडी कोट बांधला. 1270 च्या दशकात थॉमस द क्लेअरने दगडी किल्ला उभारला. 1318 च्या मे महिन्यात डायझर्ट ओ'डीच्या लढाईत रिचर्ड द क्लेअर आयरिश सरदारांकडून मारला गेला आणि किल्ला जळाला. इंग्लंडच्या राजाच्या वतीने त्याची दुरुस्ती झाली, तर 1332 मध्ये ओ'ब्रायन आणि मॅकनमारा घराण्यांनी तो जमीनदोस्त केला. 1353 मध्ये सर थॉमस रोकबीने बांधलेली गढीही पुढे आयरिशांच्या हाती गेली. आज दिसते ती वास्तू मॅकनमारांनी 1425 च्या सुमारास बांधलेली. त्याच शतकाच्या अखेरीस ती ओ'ब्रायनांकडे आली.

ओ'ब्रायन हे थॉमंड प्रांताचे राजे. 1543 मध्ये मरो ओ'ब्रायनने आठव्या हेन्रीपुढे मान तुकवली, राजेपद सोडले आणि त्या बदल्यात 'अर्ल ऑफ थॉमंड' ही इंग्रजी सरदारकी घेतली. पुढे चौथा अर्ल डोनो याने गढीला महालाचे रूप दिले. 1646 मध्ये पोपचे दूत रिनुचिनी आयर्लंडमध्ये होते. त्यांच्या परिवारातून इटलीला गेलेल्या पत्रांत बनरॅटीच्या तळ्यांची आणि तीन हजार हरणांच्या राखीव रानाची तोंड भरून स्तुती आहे. त्याच वर्षी सहाव्या अर्लने इंग्लंडच्या पार्लमेंटच्या फौजेला गढीत जागा दिली. नदीतून त्या फौजेला आधार देत होता आरमारी अधिकारी विल्यम पेन. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया वसवणाऱ्या विल्यम पेनचा हा बाप. कॅथलिक फौजांनी वेढा घातला आणि जुलैमध्ये गढी पडली. अठराव्या शतकात ती स्टडर्ट कुटुंबाकडे आली. 1804 मध्ये त्यांनी जवळच प्रशस्त, उजेडाचे घर बांधले आणि गढी सोडली. पुढे काही काळ तिथे पोलीस ठाणे होते, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुख्य दरबाराचे छप्पर कोसळले.

1954 मध्ये सातवे व्हायकाउंट गॉर्ट यांनी ही पडकी वास्तू विकत घेतली. राष्ट्रीय स्मारकांचे निरीक्षक पर्सी ल क्लर्क यांच्या देखरेखीखाली डागडुजी झाली आणि मध्ययुगीन कलेचे जाणकार जॉन हंट यांच्या सल्ल्याने पंधराव्या-सोळाव्या शतकांतले सामान जमवले गेले. 1960 मध्ये गढी लोकांसाठी खुली झाली.

आत शिरताना वर पाहावे. दाराच्या माथ्यावर एक भोक आहे. दार फोडणाऱ्यावर वरून दगड किंवा उकळते पाणी टाकायची ती सोय. पुढे पहारेकऱ्यांचे दालन लागते. त्याचे छत लादावाचे, म्हणजे कमानीसारखे वळवलेले. त्याच्या चुन्यात विणलेल्या फोकांचे ठसे उमटलेले आहेत. बांधताना लवचिक फोकांची तट्टी कमानीच्या आकारात वाकवली, तिच्यावर चुना आणि दगड रचले. चुना घट्ट झाला, तट्टीचे काम संपले, ठसा मात्र राहिला. आयर्लंडच्या गढ्यांमध्ये ही पद्धत ठिकठिकाणी दिसते. सरदाराचे नाव बखरीत आहे. फोक कापणाऱ्याचे आणि विणणाऱ्याचे नाव कुठेच नाही, पण त्याच्या हाताची खूण सहाशे वर्षे छतात टिकली आहे. त्याच्या वर मुख्य दरबार आहे. दलदलीत सापडलेली, हजारो वर्षांपूर्वी नष्ट झालेल्या महाकाय हरणाची शिंगे तिथल्या भिंतीवर आहेत. खालच्या मजल्यांवरच्या फटीएवढ्या खिडक्या वर जाताना रुंद होत जातात, कारण उंचीवर बाणांची भीती कमी आणि उजेडाची हौस परवडणारी.

घर म्हणजे उत्तर

गढीतून बाहेर पडून घरांकडे गेले, की वाचनाची हीच रीत उपयोगी पडते. दारावरचे भोक हे एका धोक्याला दिलेले उत्तर, तशी शेतकऱ्याच्या घरातली प्रत्येक सोयही कशाचे तरी उत्तर असते. वारा, ओल, थंडी, खंड, जनावर यांनी प्रश्न विचारलेला असतो.

लूप हेड हे क्लेअरचे अगदी पश्चिमेचे टोक, अटलांटिक महासागरात घुसलेले. तिथल्या घराचे गवती छप्पर दोरांनी जखडलेले आहे. हे दोर पाहताना तो समुद्री वारा समजतो. मेयो परगण्यातल्या एका घरात माणसे आणि दुभत्या गाई एकाच छपराखाली राहत. खालच्या टोकाला गाई, वरच्या टोकाला चूल, आणि चुलीशेजारी भिंत बाहेर काढून केलेल्या कोनाड्यात बिछाना. थंडीत गाईंची ऊब घराला मिळे आणि दुधाचे जनावर डोळ्यांसमोर राहे. कोकणात, देशावर ज्यांनी ओसरीला लागून गोठा पाहिला आहे, त्यांना या मांडणीतला हिशेब लगेच कळेल.

'गोल्डन व्हेल' नावाच्या सुपीक पट्ट्यातल्या सधन शेतकऱ्याचे घर वेगळेच आहे: पाहुण्यांसाठी राखलेली बैठकीची खोली, चांगले सामान. त्याच्या तुलनेत 'बोहान स्कोर' पाहावे. भूमिहीन मजुराची ही एका खोलीची झोपडी. तिच्याभोवती भाजीपाला आणि बटाटे लावण्यापुरता जमिनीचा तुकडा. त्याचे भाडे पैशांत नसे. शेतमालकाकडे ठरलेले दिवस राबून ते फेडायचे.

सर्व घरांचे केंद्र चूल. दलदलीतून कापून वाळवलेले पीट तिच्यात जळते, आणि त्याचा खमंग, मातकट धूर आवारभर असतो. विस्तवावर लोखंडी दांड्याला भांडे टांगलेले. झाकणाच्या जाड लोखंडी भांड्यात भाकर भाजताना निखारे खालीही आणि झाकणावरही ठेवत. काही घरांत जुन्या वेषातल्या बायका अजूनही अशी सोड्याची भाकर भाजून दाखवतात.

जे घर उरलेच नाही

संग्रहालय जपते ते टिकलेल्यातून. गरिबाचे घर टिकते का, हा प्रश्न इथे टाळता येत नाही.

1841 च्या खानेसुमारीत आयर्लंडमधल्या घरांचे चार वर्ग केले होते. चौथा वर्ग सर्वांत खालचा: एका खोलीच्या, बहुतेक मातीच्या झोपड्या. त्यांची संख्या सुमारे 4 लाख 91 हजार होती. 1851 मध्ये ती सुमारे 1 लाख 36 हजारांवर आली. गरिबांना बरी घरे मिळाली म्हणून ती घटली नव्हती. 1845 मध्ये बटाट्यावर करपा पडला. गरिबांचा सगळा आहारच बटाट्यावर उभा होता. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तितकीच देश सोडून गेली. 1841 मध्ये जवळपास 82 लाख असलेली लोकसंख्या 1851 मध्ये 66 लाखांच्याही खाली आली.

माणसे उपासमारीने आणि तापाने मरत होती. घरे मात्र माणसांनीच पाडली. चार पौंडांहून कमी मोलाच्या जमिनीवरचा गरीबनिधीचा कर कुळाऐवजी जमीनदाराला भरावा लागे, त्यामुळे लहान कुळांना हुसकावणे जमीनदाराच्या फायद्याचे ठरले. 1847 च्या कायद्याने पाव एकराहून जास्त जमीन धरणाऱ्याला सरकारी मदत नाकारली. जगायचे तर जमीन सोडा, असा त्याचा अर्थ होता. कूळ बाहेर काढले की ते परतू नये म्हणून छप्पर उतरवत आणि भिंती पाडत. क्लेअरच्या नैर्ऋत्य भागात, लूप हेडही ज्यात मोडते त्या किलरश विभागात, हे अमानुष प्रमाणावर झाले. कॅप्टन आर्थर केनेडी हे तिथले सरकारी निरीक्षक. हुसकावलेल्या कुटुंबांची नावे, माणसांची संख्या, घर पाडले की कसे, याच्या याद्या त्यांनी केल्या, आणि त्या ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेल्या. त्या झोपड्यांची एवढीच नोंद उरली आहे.

म्हणून बनरॅटीची मजुराची झोपडी मला तिथली सर्वांत मोलाची वास्तू वाटते. सधन शेतकऱ्याचे दगडी घर आपोआप शंभर-दोनशे वर्षे उभे राहते. मातीची झोपडी छप्पर गेल्यावर थोड्याच पावसाळ्यांत मातीला मिळते. तिला इतिहासात जागा द्यायची तर कोणीतरी ठरवून, अभ्यासून ती पुन्हा बांधावी लागते.

यातले खरे किती?

बनरॅटीवर आक्षेपही घेता येतात आणि ते वजनदार आहेत. गढीतले सामान ओ'ब्रायनांचे नव्हे, निरनिराळ्या ठिकाणांहून जमवलेले. गढीच्या आवारातला गावरस्ता एका विशिष्ट गावाचा नसून एकोणिसाव्या शतकातल्या अनेक गावांच्या आठवणीतून रचलेला. 1963 पासून गढीत मध्ययुगीन थाटाच्या मेजवान्या होतात, त्या पर्यटकांसाठीच.

या साऱ्यामागे अर्थकारणही आहे. 1945 मध्ये शॅननमार्गे अटलांटिकपार नियमित विमाने सुरू झाली, तेव्हा ती इंधनासाठी तिथे थांबत. 1947 मध्ये ब्रेंडन ओ'रीगन यांनी तिथे जगातले पहिले करमुक्त दुकान काढले. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस लांब पल्ल्याची जेट विमाने आली आणि थांबण्याची गरजच संपण्याची चिन्हे दिसू लागली. प्रवाशांनी मुद्दाम उतरावे असे काही निर्माण करायचे म्हणून 1959 मध्ये विकास कंपनी स्थापन झाली. गढीच्या मेजवान्या आणि लोकजीवनाचे संग्रहालय तिच्याच प्रयत्नांतून आले.

माझ्या मते या कारणाने संग्रहालयाचे मोल कमी होत नाही. स्टॉकहोममध्ये 1891 साली आर्टुर हाझेलियस यांनी स्कान्सेन हे खुले संग्रहालय उघडले, तेव्हापासून अशा प्रत्येक जागेला 'खरे किती' हा प्रश्न चिकटलेला आहे. घर हलवता येते, त्याचा वारा हलवता येत नाही. लूप हेडचे छप्पर बनरॅटीच्या झाडीत उगाचच जखडलेले भासते. म्हणूनच पाहणाऱ्यावर जबाबदारी येते: दोर पाहून वारा आठवायचा, झोपडीच्या भिंती पाहून खंड आणि करपा आठवायचा.

आयरिशांनी ही आठवण केवळ वास्तूंवर सोपवली नाही. 1935 मध्ये तिथे लोकसाहित्याचा सरकारी आयोग स्थापन झाला. 1937 पासून त्याने प्राथमिक शाळांतल्या मुलांना कामाला लावले. सुमारे पाच हजार शाळांतल्या पन्नास हजारांच्या आसपास मुलांनी आजी-आजोबांना, शेजाऱ्यांना विचारून घरे कशी बांधत, भाकर कशी भाजत, दुष्काळात काय झाले, हे वह्यांत उतरवले. त्या वह्या आज डब्लिनच्या विद्यापीठात जपलेल्या आहेत. संग्रहालयातल्या चुलीला बोलते करणारे शब्द तिथे आहेत.

महाराष्ट्रालाही हा विचार जवळचा वाटायला हवा. 2025 मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यात रायगड आहे. रायगडावर हिरकणीचा बुरूज आहे. दूध घालायला आलेली गवळण दरवाजे बंद झाल्यावर तान्ह्या बाळासाठी कडा उतरून गेली, ही कथा घराघरात सांगितली जाते. बुरुजाला तिचे नाव मिळाले. पण ती ज्या घराकडे धावली ते कसे होते? त्याचे कूड कशाचे, छप्पर कोणत्या गवताचे, गोठा कुठे, चूल कुठे? किल्ल्याइतक्याच आस्थेने हे प्रश्न आपण विचारलेले नाहीत. घाटमाथ्यावरची आणि कोकणातली कुडाची, मातीची घरे आपल्या डोळ्यांदेखत सिमेंटची होत आहेत, आणि त्यात राहणाऱ्यांना पक्के घर हवे असणे रास्तच आहे. घर पाडू नका असे त्यांना सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. पाडण्यापूर्वी त्याचा नकाशा काढणे, छायाचित्रे घेणे, ते बांधणाऱ्याकडून आणि त्यात नांदलेल्या आजीकडून सारे लिहून घेणे मात्र आपल्या हातात आहे. याला विमानतळ लागत नाही, एकरांनी जमीन लागत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतली मुले, त्यांचे शिक्षक आणि एक वही एवढ्याने सुरुवात होते. ज्यांना घर कसे बांधले ते ठाऊक आहे, ती माणसे ऐंशीच्या घरात आहेत. म्हणून ही सुरुवात याच वर्षी व्हायला हवी.