वारा की पाणी? अमेरिकेतील वादळग्रस्तांच्या विमादाव्यांचा तिढा

प्रतिनिधी

कॅटरिना हे चक्रीवादळ २९ ऑगस्ट २००५ रोजी अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर धडकले. मिसिसिपी राज्याच्या किनाऱ्यावर समुद्राची पातळी काही ठिकाणी सुमारे २८ फुटांपर्यंत चढली. पाणी ओसरल्यानंतर परतलेल्या अनेक कुटुंबांना घराच्या जागी केवळ काँक्रीटचा चौथरा दिसला. विम्याचे हप्ते वर्षानुवर्षे नियमित भरलेले होते. तरीही विमा कंपन्यांचा पहिला प्रश्न होता : घर वाऱ्याने पडले की पाण्याने?

या प्रश्नाचे मूळ पॉलिसीच्या रचनेत आहे. अमेरिकेतील नेहमीच्या गृहविम्यात वाऱ्याने होणारे नुकसान साधारणपणे समाविष्ट असते. पूर मात्र वगळलेला असतो. वादळामुळे आत शिरलेले समुद्राचे पाणीही पुरातच मोडते. पुरासाठी केंद्र सरकारची, १९६८ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय पूर विमा योजना आहे. तिच्यात घरासाठी कमाल अडीच लाख डॉलर आणि घरातील सामानासाठी एक लाख डॉलर एवढेच संरक्षण मिळते. शिवाय पॉलिसी घेतल्यानंतर ती लागू होण्यास साधारणपणे ३० दिवस लागतात. वादळाची वार्ता आल्यावर धावाधाव करून उपयोग नसतो.

मेख आणखी एका कलमात आहे. वगळलेल्या कारणाने नुकसान झाले असेल, तर त्याच वेळी किंवा मागेपुढे दुसरे कोणते कारण घडले याचा विचार न करता भरपाई नाकारता येईल, असे हे कलम सांगते. पास्कागुला येथील एका दाम्पत्याने ते न्यायालयात आणले. त्यांनी सव्वा लाख डॉलरहून अधिक नुकसानीचा दावा केला होता. न्यायालयाने २००६ मध्ये वाऱ्याच्या नुकसानीपोटी त्यांना जेमतेम बाराशे डॉलर मंजूर केले. अपील न्यायालयाने २००७ मध्ये हे कलम वैध ठरविले. मात्र ऑक्टोबर २००९ मध्ये मिसिसिपीच्या सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात वेगळी दिशा दिली. वाऱ्याने आधी झालेले नुकसान नंतर आलेल्या पाण्यामुळे पुसले जात नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

सामान्य घरमालकाच्या दृष्टीने याहून गंभीर बाब म्हणजे हितसंबंधांचा गुंता. सरकारी पूर विम्याच्या बहुतेक पॉलिसी खासगी कंपन्याच विकतात आणि त्यांचे दावेही त्याच हाताळतात. पैसे मात्र सरकारी तिजोरीतून जातात. साहजिकच नुकसान 'पाण्याचे' ठरले तर कंपनीचा खिसा वाचतो. हा संशय निराधार नव्हता. मिसिसिपीतील एका घराच्या प्रकरणात स्टेट फार्म कंपनीने वाऱ्याच्या नुकसानीचा भार सरकारी योजनेवर टाकला, असा निष्कर्ष २०१३ मध्ये ज्यूरीने काढला. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि डिसेंबर २०१६ मध्ये तेथेही कंपनीच्या विरोधात निकाल लागला.

दावा मंजूर झाला तरी पूर्ण रक्कम हाती पडत नाही. किनारपट्टीवरील राज्यांत चक्रीवादळासाठी वेगळी वजावट असते आणि ती बहुधा ठरावीक रकमेऐवजी विमामूल्याच्या टक्केवारीत मोजतात. घराचा विमा तीन लाख डॉलरचा आणि वजावट पाच टक्के असेल, तर पहिले १५ हजार डॉलर घरमालकानेच सोसायचे असतात.

म्हणूनच तेथील जाणकार पुराव्यावर भर देतात. वादळापूर्वी घराची व सामानाची छायाचित्रे काढून ती घराबाहेर सुरक्षित ठेवावीत. वादळानंतर साफसफाईपूर्वी भिंतीवरील पाण्याची खूण, उडालेले पत्रे, तुटलेल्या खिडक्या यांची छायाचित्रे घ्यावीत. तात्पुरत्या दुरुस्तीच्या पावत्या जपाव्यात. पूर विम्यात नुकसानीचे शपथपूर्वक निवेदन साधारणपणे ६० दिवसांत द्यावे लागते. ही मुदत हुकली तर खरा दावाही अडचणीत येतो. ह्यूस्टन किंवा फ्लोरिडात घर घेतलेल्या मराठी कुटुंबांनाही हे नियम तितकेच लागू आहेत.

आपल्याकडे चित्र थोडे निराळे आहे. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या 'भारत गृह रक्षा' या प्रमाणित पॉलिसीत वादळ आणि पूर ही दोन्ही संकटे एकत्रच समाविष्ट आहेत. त्यामुळे वारा की पाणी, हा वाद येथे सहसा उद्भवत नाही. येथील अडचण त्याच्याही आधीची आहे. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळाने रायगडच्या किनाऱ्यावर घरांची छपरे उडवली, तेव्हा बहुतेकांची भिस्त सरकारी मदतीवरच होती. घराचा विमा काढण्याची सवयच आपल्याकडे फारशी रुजलेली नाही. ज्यांनी तो काढला आहे, त्यांनी पॉलिसीतील 'काय मिळेल' हे पान वाचून झाल्यावर 'काय मिळणार नाही' हे पानही वाचलेले बरे. कॅटरिनानंतर हजारो घरमालकांचे भवितव्य त्याच पानावर ठरले होते.